लाकडाच्या भट्टीतली सामूहिक भाजणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनागामा भट्टीच्या भाजणीला पहिल्यांदा येणाऱ्यांचे प्रश्न दर हंगामात साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. पाळीला नाव नोंदवण्याआधी सगळं वाचा. वेळ नसेल तर निदान लाकूड घालण्याबद्दलचं आणि सुरक्षेबद्दलचं उत्तर तरी वाचाच.

अनागामा म्हणजे कसली भट्टी?

उतारावर बांधलेला, विटांच्या कमानीचा एकच लांबट बोगदा. खालच्या टोकाला तोंड आणि फायरबॉक्स (लाकूड जाळायची जागा), वरच्या टोकाला धुराडं, मधे भांडी. आग आणि भांडी यांच्यात भिंत नसते. ज्वाळा भांड्यांमधून वाट काढत धुराड्याकडे जातात आणि जाताना राख सोबत नेतात. साधारण पाचव्या शतकात हे तंत्र कोरियातून जपानमध्ये पोहोचलं. शिगाराकी, बिझेन, तांबा अशा ठिकाणांची भांडी त्यातूनच घडली. आपल्याकडच्या स्टुडिओ कुंभारकामात लाकडाची उंच तापमानाची भाजणी रुजवण्यात पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचा मोठा वाटा आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ मध्ये सुरू केली. देशभरात आज लाकडावर भाजणारे कितीतरी जण तिथे शिकलेले आहेत, किंवा तिथे शिकलेल्यांकडे शिकलेले आहेत.

मग गावातल्या कुंभाराच्या आव्यापेक्षा ही वेगळी कशी?

आव्यात मडकी रचून त्यांच्याभोवती आणि मधे गोवऱ्या, पेंढा, भुसा, लाकूड भरतात. वरून खापरं, राख, माती यांनी झाकतात. भाजणी काही तासांत किंवा एका रात्रीत उरकते आणि तापमान साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. माती सच्छिद्र राहते. माठातलं पाणी गार होतं ते त्या छिद्रांमुळेच. अनागामात आपण १२५० ते १३०० अंशांपर्यंत जातो. तिथे मातीची छिद्रं मिटतात, ती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी झिरपत नाही.

यात एक वरचं आणि एक खालचं असं काही नाही. पायरोमीटर (भट्टीतलं तापमान दाखवणारं यंत्र) नाही, कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका; आकडा मोठा तितकी उष्णता जास्त) नाही, नुसत्या धुराच्या रंगावरून आवा पिकला की नाही हे सांगणारा कुंभार आगीबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणतो. जमेल त्याने आपल्या जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन एक आवा लागताना बघावा, मगच आमच्या भट्टीवर यावं.

एकट्याने भाजणी करता येत नाही का?

लहान भट्टी असेल तर येते. अनागामा मात्र तीन-चार दिवस सलग पेटती ठेवावी लागते. शेवटच्या टप्प्यात दर चार-पाच मिनिटांनी लाकूड घालावं लागतं आणि त्यात खंड पडला की तापमान कोसळतं. झोपेशिवाय इतका वेळ कुणीच नीट निर्णय घेऊ शकत नाही. शिवाय लाकूड फोडणं, वाहणं, रचणं, भट्टी भरणं, तोंड चिणणं ही कामं भाजणीपेक्षा मोठी असतात. आणि एवढा बोगदा भरण्याइतकी भांडी एकट्याकडे वर्षभरात होतीलच असं नाही.

माती कोणती चालेल?

फक्त स्टोनवेअर (उंच तापमानाला दगडासारखी घट्ट होणारी माती) किंवा पोर्सलीन. थान, बिकानेरकडच्या मातींपासून बनवलेली, कोन १० सोसणारी स्टोनवेअर माती पुण्या-मुंबईच्या बहुतेक स्टुडिओंत वापरली जाते. ती आणा. गणपतीची शाडू, विटांची माती, माठाची लाल माती आणू नका. लाल मातीतलं लोह या तापमानाला माती वितळवतं. भांडं आधी फुगतं, मग बसतं आणि खालच्या शेल्फवरच्या दुसऱ्याच्या कामावर सांडतं. मातीबद्दल शंका असेल तर एक छोटी चकती आधी पाठवा. ती एखाद्या वाटीत ठेवून भाजू, म्हणजे वितळलीच तर वाटीत राहील.

बिस्क करून, म्हणजे कमी तापमानाला एकदा भाजून, आणणं उत्तम. कच्चं भांडं घेतो, पण जाड बुडाचं नको, आणि ते पूर्ण वाळलेलं हवं.

ग्लेझ लावायचं का?

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, आत लावा, बाहेर शक्यतो नको. राख आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून कप, वाटी, बरणी यांना आतून ग्लेझ हवंच. बाहेरचं काम भट्टीवर सोपवा. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. १२०० अंशांच्या वर ती मातीतल्या सिलिका-ॲल्युमिनाशी मिळून वितळू लागते आणि भांड्यावरच काच तयार होते. हिरवट, पिवळसर, कुठे थेंब होऊन ओघळलेली. जिथे राख कमी आणि नुसती ज्वाळा लागते, तिथे उघड्या मातीवर शेंदरी, तपकिरी छटा उठतात. या छटांसाठी लोह कमी असलेल्या मातीची पातळ स्लिप (पाण्यात कालवलेल्या मातीचा लेप) लावली तर फार सुंदर फरक पडतो.

बिझेनमध्ये भांड्याला भाताचा पेंढा गुंडाळून भाजतात. पेंढा जळून जातो आणि त्यातल्या क्षारांमुळे लोहयुक्त मातीवर लाल रेघा उमटतात. पेंढा आपल्याकडे कुठेही मिळतो. भट्टीच्या मागच्या बाजूला, राख कमी पडते तिथे, हा प्रयोग जरूर करा.

माझं भांडं कुठे ठेवायचं ते कोण ठरवतं?

भट्टी लावणारे, म्हणजे आत भांडी रचणारे, दोघं-तिघं. या प्रश्नावरून सर्वांत जास्त नाराजी होते, म्हणून सविस्तर सांगतो.

भट्टीच्या आत सगळ्या जागा सारख्या नसतात. पुढे, फायरबॉक्सला लागून, राखेचा पाऊस पडतो. तिथल्या भांड्यावर जाड काच चढते, पण त्याच जागी भांडी निखाऱ्यांत गाडली जातात, लाकडाचा फटका बसून पडतात, एकमेकांना चिकटतात. मधे तापमान चांगलं आणि राख बेताची. मागे तापमान कमी, तिथे ग्लेझ आणि स्लिप खुलतात. पुढचा कोन १२ वाकला तरी मागचा कोन ८ उभा असू शकतो. प्रत्येकाला पुढची जागा हवी असते आणि ती सगळ्यांना देता येत नाही.

आम्ही असं करतो : प्रत्येकाने आपली तीन भांडी पसंतीने निवडायची आणि ती पुढे, मधे की मागे हवीत हे चिठ्ठीवर लिहायचं. ती पसंती शक्य तितकी पाळतो. बाकीची भांडी जिथे बसतील तिथे. ज्वाळेला वाट मिळेल अशी रचना करणं ही पहिली अट, कारण एका जागी गर्दी झाली की मागचा अख्खा भाग थंड राहतो आणि नुकसान सगळ्यांचं होतं. उंच भांड्याशेजारी बुटकं, रुंदाशेजारी अरुंद, मधे बोटभर अंतर. म्हणून फक्त मोठी भांडी आणू नका. छोटे कप, वाट्या, पणत्या यांनीच भट्टी नीट भरते.

जागा ठरली की मग कुरकुर करू नये, अशी आमची मनापासून विनंती आहे. लावणाऱ्याने आपलंच काम उत्तम जागी ठेवलं असेल तर मात्र तिथल्या तिथे बोला. ते बोलायलाच हवं.

भांड्यांखाली त्या पांढऱ्या गोळ्या कशासाठी?

ते वॉडिंग. ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समसमान घेऊन, पाण्यात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करतात. हे मिश्रण या तापमानालाही वितळत नाही, त्यामुळे राख वितळली तरी भांडं शेल्फला चिकटत नाही. प्रत्येक भांड्याखाली तीन गोळ्या, झाकणाखालीसुद्धा.

भांडं आडवं भाजायचं असेल तर शिंपल्यात वॉडिंग भरून त्यावर टेकवतात. तिसऱ्यांची शिंपलं जमवून ठेवा, कोकणातून येणाऱ्यांनी तर पिशवीभर आणावीत. शिंपल्यातल्या मिठाने आणि चुन्याने भांड्यावर त्याच्या रेघांची स्पष्ट खूण उमटते. भाजल्यावर शिंपल्याची चुनकळी झालेली असते. पाण्यात टाकली की ती तापते, फुटते आणि भुगा होऊन निघते. हे हातमोजे घालूनच करायचं, त्या पाण्याने कातडी सोलवटते.

लाकूड कोणतं आणि किती?

भट्टीच्या आकारानुसार दोन टनांपासून दहा टनांपर्यंत. सुरू, सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ, आंब्याची छाटणी, वखारीत उरलेल्या सालीकडच्या फळ्या, यांतलं जे जवळ आणि रीतसर मिळेल ते. सुरूच्या सरळ फोडी चांगल्या धगधगतात, म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी त्या राखून ठेवतो. बाभळीचे निखारे फार वेळ टिकतात. सुरुवातीला ते वरदान आहे, शेवटी मात्र त्यांचाच ढीग साचून हवा अडते.

प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, रसायन लावलेले खांब अजिबात नकोत. बांबू चिरल्याशिवाय घालू नका, त्याची बंद पेरं आत स्फोटासारखी फुटतात.

लाकूड वाळलेलं असणं हे जातीपेक्षा महत्त्वाचं. ओल्या लाकडाची निम्मी ताकद स्वतःचं पाणी उकळण्यातच जाते असं वाटावं, इतका फरक पडतो. म्हणून पावसाळा संपला की फोडून, छपराखाली, हवा खेळेल असं रचतो. फोडी तीन जाडीच्या लागतात : मांडीएवढ्या, मनगटाएवढ्या आणि बाजूच्या भोकांतून घालायच्या अंगठ्याएवढ्या. या तिसऱ्या प्रकाराची कायम टंचाई पडते. लाकूड फोडायला आलात तर बारीक चिरा.

एवढं लाकूड जाळणं योग्य आहे का?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. आमचं उत्तर असं : आम्ही वर्षातून मोजक्याच वेळा भाजतो, भट्टी पूर्ण भरल्याशिवाय पेटवत नाही, आणि छाटणीचं, वखारीतलं किंवा तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या झाडांचंच लाकूड घेतो. जंगलातलं लाकूड स्वस्तात आणून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणतो. धुराड्यातून सतत काळा धूर जात असेल तर ते न जळलेलं इंधन असतं. ते आकाशाचंही नुकसान आणि आपलंही. यानंतरही ज्याला हे पटत नाही त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही.

भाजणी कशी पुढे सरकते?

पहिली रात्र तोंडाबाहेर छोटी शेकोटी, आत फक्त ऊब. भट्टीतल्या विटांचं, मातीचं पाणी निघून जाईपर्यंत १०० अंशांच्या आसपास रेंगाळायचं. कच्ची भांडी असतील तर इथे घाई म्हणजे स्फोट. मग आग हळूहळू आत सरकवायची. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तो टप्पा सावकाश. ९०० ते १००० च्या दरम्यान डँपर (धुराड्याची झडप) थोडा लावून हवा कमी करतो. मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन आग ओढून घेते, माती करडी होते आणि पुढच्या रंगांचा पाया तिथे पडतो.

१२०० च्या पुढे खरी भाजणी. आतला प्रकाश नारिंगीवरून पिवळा, मग पांढुरका होतो. पुढे जाण्याची घाई न करता याच पट्ट्यात एक-दोन दिवस काढतो, कारण राख साचायला वेळ लागतो. पुढचा भाग पिकला की बाजूच्या भोकांतून बारीक लाकूड घालून मागचा भाग वर आणतो. शेवटी मातीच्या खुणेच्या कड्या लोखंडी सळईने बाहेर काढून पाण्यात बुडवतो आणि राख किती वितळली ते बघतो. पायरोमीटर एका बिंदूचं तापमान सांगतो. कोन आणि कडी सांगतात की मातीवर खरोखर काय झालं. मतभेद झाला तर कडीचं ऐकायचं.

माझ्या पाळीत मी नेमकं काय करायचं?

लाकूड घालायचं आणि थांबायचं. यातलं थांबणं नव्या माणसाला जमत नाही.

लाकूड घातलं की आधी पायरोमीटर खाली येतो, धुराड्यातून काळा धूर आणि ज्वाळा निघतात, भोकांतूनही जीभ बाहेर येते. मग धूर विरळ होतो, ज्वाळा आखूड होते, तापमान चढू लागतं. ते चढणं मंदावलं की पुढचं लाकूड. घड्याळ लावून घालू नका, भट्टीकडे बघून घाला. तापमान पडलं म्हणून घाबरून लगेच दुप्पट लाकूड कोंबलं की आग गुदमरते आणि तास-दोन तास वाया जातात.

प्रत्येक पाळी सहा तासांची, तिघांची. त्यांतला एक पाळीप्रमुख, आणि डँपरला हात लावायचा तो त्यानेच. एका वेळी एकच बदल करायचा : डँपर, हवेची भोकं, लाकडाची जाडी किंवा घालण्याचं अंतर, यांपैकी एक. मग वीस मिनिटं वाट बघायची. दोन बदल एकदम केले की कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही.

वही दर अर्ध्या तासाला भरायची. वेळ, पुढचं-मागचं तापमान, डँपर किती इंच, लाकूड कोणतं, ज्वाळा कशी, हवा-पाऊस. पाळी बदलताना आधीच्या प्रमुखाने अर्धा तास जास्त थांबून नव्याला सगळं सांगायचं, आणि जे बिघडलं तेही सांगायचं. तापमान दोन तास अडकलं होतं हे लपवलं, तर पुढचा माणूस चुकीच्या अंदाजावर निर्णय घेतो. इतक्या माणसांचं वर्षभराचं काम आत असतं. समूहाने भाजणी करण्यात आग सांभाळणं सोपं आहे, एकमेकांना खरं सांगणं त्याहून अवघड. आमचा सगळा आग्रह त्यासाठीच असतो.

तापमान अडकलं तर?

बहुतेक वेळा निखारे साचलेले असतात. एकेक करून बघा : खालची हवेची भोकं उघडा, लांब सळईने निखारे हलवा, थोडा वेळ बारीक लाकूड घाला. तरी हललं नाही तर जेवायला गेलेल्या पाळीप्रमुखाला बोलवा. डँपर अर्धा इंच इकडे-तिकडे करायचा तो त्यानेच.

रात्रपाळी सक्तीची आहे का?

हो. भांडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने एक रात्रपाळी करायची. शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळी, ज्वाळा धुराड्याबाहेर हातभर आलेल्या असताना, तिथे सगळ्यांनाच यायचं असतं. दुसऱ्या रात्री दोन वाजता कुणालाच यायचं नसतं, आणि भट्टीला दोन्ही तास सारखेच लागतात. आजारपण, गरोदरपण, लहान मूल असेल तर दिवसाची पाळी देतो. मोकळेपणाने सांगा.

कपडे, सुरक्षा?

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर वितळून चिकटतं. पदर, ओढणी, मफलर, मोकळे केस नकोत. बंद चामडी बूट, कोपरापर्यंत चामडी हातमोजे. झरोक्यातून आत बघायचं तर वेल्डरचा फिक्या छटेचा चष्मा, साध्या डोळ्यांनी नाही. चुन्याचं, ॲल्युमिनाचं, राखेचं काम एन-९५ मास्क लावून. पाणी, कोकम सरबत, ओआरएस मुबलक असतं, तहान लागण्याची वाट न बघता प्या. भट्टीवर दारू चालत नाही.

भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावायचं नाही. मोठं भाजलं तर दवाखाना. एक गाडी कायम मोकळी ठेवलेली असते.

पावसाळ्यात भाजणी का नाही?

लाकूड ओलं, भट्टी ओली, जमिनीतून पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा हंगाम. त्यानंतर आजूबाजूचं गवत वाळतं आणि एका ठिणगीने वणवा लागू शकतो. हंगामातही भट्टीभोवतीचं गवत कापून, पाण्याच्या टाक्या भरूनच पेटवतो.

मासिक पाळी असताना बायकांनी यावं का?

यावं. भट्टीजवळ बायकांना मज्जाव करण्याची रूढी जपानमध्येही होती, आणि आपल्याकडे पुष्कळ कुंभार घरांत माती तुडवणारी, भांडी रंगवणारी बाई चाकाला मात्र हात लावत नाही. आमच्या भट्टीवर असली बंधनं नाहीत. कुणी तसं बोललं तर आयोजकांना सांगा.

पूजा करता का?

पेटवण्याआधी ज्याला नारळ वाढवायचा तो वाढवतो, कुणी भट्टीच्या कमानीवर मीठ आणि तांदूळ ठेवतो, जपानी कुंभार ठेवतात तसे. कुणी नुसतं उभं राहतं. सक्ती कशाचीच नाही.

भट्टी उघडायची कधी?

भाजणीला जितके दिवस, निदान तितकेच थंड व्हायला. शेवटचं लाकूड घातल्यावर तोंड, भोकं, डँपर सगळं मातीने लिंपून बंद करतो. आतलं तापमान १०० च्या खाली येईपर्यंत एकही वीट काढत नाही. मधेच गार हवा शिरली तर भांडी तडकतात. खाली येताना साधारण २२५ अंशांजवळही माती एकदम आकसू शकते, आणि तिथे घाई केलेलं भांडं बाहेर काढल्यावर टणकन वाजून दुभंगतं. डोकावण्याचा आग्रह करू नका.

खर्च कसा वाटता?

भांड्याची लांबी, रुंदी, उंची यांच्या गुणाकारावर. लाकूड, वॉडिंग, शेल्फची झीज, जेवण हे सगळं त्यात येतं. पैसे जास्त देऊन पाळी टाळता येत नाही. विद्यार्थी आणि कुंभार घरांतून येणाऱ्यांना निम्मा दर.

या भांड्यांतून खाल्लं-प्यायलं तर चालतं?

आतून चांगलं, भेगा नसलेलं ग्लेझ असेल तर निर्धास्त. वापराआधी भांड्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर ते फुलदाणीला वापरा. बुडावर बोट फिरवून टोचणारी राखेची काच पॉलिश दगडाने घासून काढा.

माझं भांडं बिघडलं तर भरपाई मिळते का?

नाही. काही भांडी तडकतात, चिकटतात, निखाऱ्यांत हरवतात. जागेचे पैसेही परत मिळत नाहीत. पण लगेच फेकू नका. करडं, कोरडं निघालेलं भांडं पुढच्या भाजणीत पुन्हा पुढच्या भागात ठेवता येतं, आणि दुसऱ्यांदा ते पुष्कळदा छान निघतं. तुकडे झाले तर त्यांवर कोणती माती, कुठली जागा, कोणता शेल्फ हे लिहून आमच्या फळीवर ठेवा. पुढच्या वेळी भट्टी लावणारे आधी ते तुकडे बघतात.

भट्टी उघडली, भांडी घेतली, आता निघू का?

नाही. शेल्फवर ओघळलेली काच छिन्नीने आणि ग्राइंडरने काढायची असते, त्यांना पुन्हा किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) लावायचा असतो, राख चाळायची असते (चाळलेली राख ग्लेझला वापरतो), उरलेलं लाकूड छपराखाली न्यायचं असतं. याला अख्खा दिवस लागतो. परतीची तिकिटं त्याप्रमाणे काढा. चष्मा आणि मास्क आमच्याकडे आहेत, हातमोजे स्वतःचे आणा.